पूजेपुरती खिडकी

कुरुळी,
२७ सप्टेंबर २०२४

चि. तनुजा हिस,
ज्योतीराममामाचा आशीर्वाद.

आपल्या टेम्पोवाल्या भैरूने काल तू बनवलेलं मशीनचं कंट्रोल कार्ड आणून दिलं. बुशच्या कड्या दाबून बसवायच्या प्रेसला लावलं, झकास चाललं. खोक्यात तुझा सूचनांचा कागद नेहमीसारखा होता, म्हणून उत्तरही नेहमीसारखं त्याच खोक्यातून परत धाडतोय. शेडमध्ये उभं राहून फोन करण्यात अर्थ नसतो. मला तुझा श्वाससुद्धा ऐकू येतो आणि तुला फक्त माझा कॉम्प्रेसर.

आता कामाचं. दसरा आला. गेल्या वर्षी खंडेनवमीला आपली काय फजिती झाली ते तुला बोललो नव्हतो. प्रेसला हळद-कुंकू झालं, झेंडूचा हार चढला, नारळ फुटला. ज्या कंपनीला आपण माल देतो तिथले खरेदीचे साहेब मुद्दाम आले होते. म्हटलं, साहेबांसमोर मुहूर्ताचा एक ठोका होऊन जाऊ दे. आपला लाइन सुपरवायझर रोहिदास, त्याने चालू केलं. मशीन ढिम्म! तुझा तो सेन्सरचा पडदा, न दिसणाऱ्या किरणांचा. बाईचा हात आत असला की मशीन हलत नाही, ही गोष्ट लाखातली. पण त्याला झेंडूसुद्धा हातच वाटला. साहेब म्हणाले, "शेठ, आज मशीनचा उपास दिसतोय." सगळी शेड हसली. मीही हसलो, पण पेढा काही गोड लागला नाही.

हार बाजूला बांधा म्हणशील. अगं, देवाला हार गळ्यात घालतात, पाठीवर नाही.

सुभद्राबाई तेव्हा म्हणाली, "शेठ, खंडेनवमीला हत्यार हलवत न्हाईत." ती त्या प्रेसवर बसते. इथल्याच गावची, आपली शेड उभी आहे ते रान तिच्या सासऱ्याचं. मी म्हटलं, "बाई, हे हत्यार नव्हे, ऑटोमेशन आहे." तीही हसली.

तर मला एक शब्द करून दे. रोहिदासला तू 'दाब', 'थांब', 'मोज' असे शब्द दिलेस, ते एकाखाली एक लिहून तो नव्या जॉबचा कार्यक्रम आपला आपण बसवतो, तसाच एक. तो लिहिला की पडदा काही का म्हणेना, ठोका पडला पाहिजे. एका दिवसापुरता. मामाचा हट्ट समज.

तुझा,
ज्योतीराममामा


रावेत,
१ ऑक्टोबर २०२४

ती. ज्योतीराममामा,
सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग जरा घाबरले.

तुम्ही काय मागताय ते एकदा नीट सांगते. मशीनच्या पोटातलं सगळं मी सी भाषेत लिहिलेलं आहे. तिथे रोहिदासदादांनी शिरू नये, म्हणून वर एक छोटं स्क्रिप्टचं इंजिन बसवलं. कॅन्टीनची खिडकी असते ना, तसं. बाहेरून 'दोन वडापाव' म्हणायचं. कढईजवळ कोणी जायचं नाही. प्रत्येक शब्द मी इंजिनकडे नोंदवून ठेवते: हे नाव, आणि त्याच्यामागे माझं हे सी मधलं फंक्शन. दादांनी 'दाब' लिहिलं की इंजिन ती नोंद शोधतं आणि माझ्या फंक्शनला हाक मारतं. ते फंक्शन आधी पडदा बघतं. मोकळा असेल तर सुरक्षेचा रिले, म्हणजे विजेचा खटका, ओढतं. मग सगळ्यात आतल्या फंक्शनला सांगतं, उघड व्हॉल्व्ह. त्या आतल्याला काही विचारायची सवयच नाही, कारण विचारायचं ते सगळं त्याच्या आधीच विचारून झालेलं असतं. तुम्ही म्हणताय, त्या आतल्यालाच खिडकीत आणून बसव. म्हणजे कढईच गिऱ्हाइकाच्या हातात.

दुसऱ्या कोणाला दिलं नसतं. पण हिंजवडीची नोकरी सोडून अजिंक्यला मांडीवर घेऊन घरी बसले होते, तेव्हा 'ही आता काय करणार' असं न म्हणता पहिलं काम तुम्ही दिलंत. तुम्हाला नाही म्हणायचं मला अजून जमत नाही.

शब्द 'पूजा' असा ठेवलाय; तो घातलेलं दुसरं कार्ड याच खोक्यात आहे. कार्यक्रमात ती ओळ लिहिली की एक ठोका पडेल, पडद्याला न विचारता. तुम्ही स्वतःच लिहायची. साच्याजवळ कोणी नको. आणि दसरा झाला की कार्ड लगेच परत पाठवा, मी तो शब्द काढून टाकेन.

मामींना नमस्कार.

तनुजा


कुरुळी,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. तनुजा हिस,
आशीर्वाद, आणि यावेळी जरा जास्तीचे.

काय थाट झाला म्हणून सांगू! हार अगदी तोंडावर. मी चष्मा लावला, सगळ्यांसमोर एका बोटाने तुझा शब्द टाइप केला. रोहिदास खांद्यावरून बघत होता, म्हणतो, "मालक, तुम्हीबी प्रोग्रामर झालाव की." बटण दाबलं आणि धप्प! झेंडूच्या पाकळ्या उडाल्या त्या थेट साहेबांच्या बुटावर. साहेब म्हणाले, "उपास सुटला." आता बोल!

एकच गोष्ट कानाला लागली. तुझं मशीन एरवी कसं बोलतं? टिक, धप्प. टिक, धप्प. रिले ओढला की टिक, मग ठोका. त्या दिवशी नुसतं धप्प. नमस्कार न करता घरात शिरणाऱ्या पाहुण्यासारखं वाटलं. तू म्हणशील मामा कानाचं फार कौतुक सांगतो. पण भोसरीत लेथवर हेल्पर होतो तेव्हा मापाची हत्यारं मला कोणी हातात देत नसे. जे शिकलो ते कानाने शिकलो. आजही केबिनमध्ये चहा पिताना कुठल्या मशीनचा बेल्ट सैल झालाय ते सांगतो. पोरं आपसात म्हणतात, "शेठला सांगायची गरज नसते, शेठला ऐकू येतं."

कार्ड भैरूबरोबर पाठवलंय. शब्द काढ.

ज्योतीराममामा


रावेत,
२४ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,
सा. न.

कार्ड परत पाठवत आहे. 'पूजा' काढलं आहे. निश्चिंत असा.

अजिंक्यला चार दिवस ताप होता, त्यामुळे उशीर झाला आणि पत्रही आखूड. दिवाळीचा फराळ मामींच्या हातचा मिळेल अशी आशा.

तनुजा


कुरुळी,
१९ जून २०२५

तनुजा,

वाईट लिहितोय. बसून वाच.

परवा दुपारी सुभद्राबाईचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही गेली. चिंचवडच्या दवाखान्यात ठेवलंय. तुझी मामी तिच्याजवळ आहे.

बुश तिरकं बसलं होतं, ते सरळ करायला तिने हात परत आत घातला. पडदा होता, चालू होता, त्याचा दिवाही लाल झाला होता असं शेजारची पोरगी सांगते. तरी ठोका पडला.

रोहिदासला विचारलं. तो म्हणतो, "मालक, तेलाच्या धुक्यानं पडदा सारखा अडवायलता. म्हणून मी पूजेची ओळ टाकलो." मी म्हटलं, "कुठली पूजेची ओळ? ती काढून आठ महिने झाले!" तर म्हणतो, "न्हाई मालक, आहे. तुमचा पूजेचा कार्यक्रम मशीनमध्ये तसाच होता, त्यातली ओळ उचललो." आईची शपथ घेतो. मी सगळ्या शेडसमोर त्याला खोटारडा म्हणालो. पडदा बाद करायला त्याची वायर मागून जोडून ठेवली असणार आणि आता देवाचं नाव घेतोय. त्याच पावली त्याला गेटबाहेर काढलं.

वायरमनने बघितलं. वायर जोडल्याची खूण नाही. म्हणजे नंतर काढून टाकली असेल. लबाड माणूस काय, काहीही करतो.

मोठ्या कंपनीची सेफ्टीची माणसं चौकशीला येतायत. त्यांच्यासमोर रोहिदासचा शब्द आणि माझा शब्द असं उभं राहील. तू मला एका ओळीत लिहून दे, की तो शब्द मशीनमध्ये नव्हताच. तेवढं पुरे.

ज्योतीराम


रावेत,
२१ जून २०२५

ती. मामा,

बातमी दोनदा वाचली. सुभद्राबाईंना कधी भेटले नाही, पण तुमच्या पत्रांतून त्या ओळखीच्या झाल्या होत्या. त्यांना लवकर बरं वाटो.

मी आज शब्दांची यादी पुन्हा काढून बघितली. मशीनच्या स्क्रीनवर मदतीच्या पानावर जे शब्द दिसतात, त्यात 'पूजा' नाही. मागच्या ऑक्टोबरपासून नाही. चौकशीला हे पत्र दाखवायचं असेल तर दाखवा.

कृपा करून फोन करू नका. घरी जरा गडबड आहे.

तनुजा


कुरुळी,
२६ जून २०२५

चि. तनुजा हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र अगदी वेळेवर आलं. सेफ्टीचे साहेब वाचून म्हणाले, "म्हणजे शब्द यादीतच नाही." मी म्हटलं, "तेच तर सांगतोय." त्यांनी लिहून घेतलं: सुपरवायझरने सुरक्षेत हेतुपुरस्सर छेडछाड केली. आता रोहिदासला चाकणच्या पट्ट्यात कोणी गेटच्या आत घेणार नाही. त्याची करणी त्याच्याबरोबर.

काल तो कपाटातले कपडे न्यायला आला होता. किल्ली टेबलावर ठेवली. निघून गेला.

सुभद्राबाईचा ताप उतरला. तिच्या घरचे काही बोलत नाहीत. गावची माणसं, भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

प्रेस दुरुस्त होऊन चालू आहे. तुझं घर कसं आहे? गडबड मिटली का?

मामा


रावेत,
७ जुलै २०२५

ती. मामा,

'पूजा' मशीनमध्ये होतं. आजही आहे. रोहिदासदादा खरं बोलले.

ऑक्टोबरमध्ये कार्ड माझ्याकडे आलं तेव्हा मदतीच्या पानावरचं नाव मी पुसलं. इंजिनकडे जी नोंद होती, नाव आणि त्या आतल्या फंक्शनचा पत्ता, ती एकच ओळ. ती पुसली नाही. विसरले असं लिहिता आलं असतं. विसरले नव्हते. मनात म्हटलं, पुढच्या दसऱ्याला मामा परत मागणारच, तेव्हा पुन्हा सगळं तपासत बसावं लागेल; दिसत नाही म्हणजे कोण वापरतंय. अजिंक्य तापाने फणफणला होता. त्याच्या उशाशी बसून 'काढलं आहे' असं लिहिलं आणि पाकीट चिकटवलं. खिडकीवरची पाटी काढली, खिडकी उघडीच ठेवली.

२१ तारखेच्या पत्रातला शब्दन् शब्द खरा आहे. तो तसा लिहायला मला अख्खी दुपार लागली. फोन करू नका म्हटलं, कारण तुम्ही आवाजावरून ओळखलं असतं.

परवा मी चिंचवडला गेले. नाव सांगायचं, पाया पडायचं, असं ठरवून गेले होते. मामी तेव्हा जेवायला गेल्या होत्या. सुभद्राबाई कॉटवर बसून एका हाताने केस गोळा करत होत्या, केस सुटून पुन्हापुन्हा पाठीवर पडत होते. मला दारात बघून त्यांना मी दवाखान्यातलीच वाटले. म्हणाल्या, "बाई, येवढा आंबाडा बांधून देती का? सकाळधरनं झिपऱ्या घेऊन बसलीया, सासरा येणार हाय." मी बांधून दिला. त्या बोलत होत्या. मी विचारलं, "मशीनला काय झालं होतं?" तर म्हणाल्या, "टिक वाजायची बंद झाली व्हती त्याची. पंधरवडा झाला आसंल. पोरी म्हणल्या, सांगू का शेठला? मी म्हणलं, शेठला काय सांगायचं, शेठच्या कानावर आसंलच की. नको आसतं तर आले आसते धावत. न्हाई आले, म्हंजी त्यांनीच सुधारलं आसंल."

मी पिन लावली आणि निघून आले. नाव सांगितलं नाही. जिन्यात मामी दिसल्या तर मी भिंतीकडे तोंड केलं.

मामा, हे पत्र चौकशीच्या साहेबांना द्या. दादांचं नाव मोकळं व्हायला हवं. माझं जे व्हायचं ते होऊ दे.

एक विचारते, आणि मला विचारायचा अधिकार नाही हे ठाऊक आहे. त्या पंधरवड्यात तुम्हाला टिक ऐकू येत होती का?

तनुजा


कुरुळी,
११ ऑगस्ट २०२५

चि. तनुजा हिस,

भैरू तीन खेपा रिकाम्या हाताने रावेतला आला. तू त्याला विचारलंस, "मामांचं काही?" आणि तो म्हणाला, "शेठनी काय दिलं न्हाई." मी दिलं नाही, कारण तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर लिहायचं होतं.

नव्हती येत. पहिल्या दिवशीच कळलं. केबिनमध्ये बसलो होतो, समोर चहा. धप्प. धप्प. धप्प. मान वर केली. उठायला खुर्ची मागे सरकवलीसुद्धा. मग ऐकलं, की ठोके भराभर पडतायत. सकाळी रोहिदासचा फोन आला होता, पडदा अडवतोय, काय करू? मी म्हटलं होतं, "कसंही कर राजा, मालाची गाडी गेटवर उभी आहे." म्हटलं, याने काहीतरी केलेलं दिसतंय. खुर्ची पुढे ओढली आणि चहा संपवला. पुढचे दिवस मी ते ठोके ऐकत होतो तनुजा, आणि मला ते गोड लागत होते. हे मी तुला १९ जूनच्या पत्रात लिहिलं नाही. गाडीचं नाही, फोनचं नाही. रोहिदासने लबाडी केली एवढंच लिहिलं.

आणि आता यापुढचं. तुझं २१ तारखेचं पत्र आलं तेव्हाच मला त्यातली टिक ऐकू आली नव्हती. मी मागितलं होतं 'मशीनमध्ये नव्हता'. तू लिहिलंस 'पानावर नाही'. ज्या मुलीची मी पाच वर्षं पत्रं वाचतोय, ती एवढी वाकडी का चालली, हे न कळायला मी काय बहिरा आहे? कळलं. घडी घातली आणि साहेबांच्या हातात दिली. तू खोटं लिहिलंस ते भीतीने. मी ते चालवलं.

तुझं पत्र आलं तसा रोहिदासला शोधायला निघालो. लांब नव्हता. कुरुळीतच त्याच खोलीवर; एका गोदामात ट्रक भरायला जातो. जेवत होता. मला बघून ताट झाकलं नाही, उठलाही नाही. म्हणाला, "या मालक. वायर बघायला आलाव का? बघा, खोलीत एकच बल्ब आहे."

मी म्हटलं, "रोहिदास, तो शब्द मशीनमध्ये होता."

तो म्हणाला, "ते मला माहीतच होतं की. मला नवीन काय सांगायलाव?"

"मग परत ये."

"तुम्ही सगळ्यांसमोर खोटारडा म्हणलाव. आता एकट्यात खरा म्हणून काय उपयोग?" मग भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाला, "आणि ओळ मीच लिहिलो मालक. त्याचं काय? बाईच्या दारावरून जायचं म्हणून मी रोज मागच्या गल्लीनं फिरून जायलोय."

मी चपला घालून शेडकडे परत आलो.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना दोन्ही पाळ्यांना प्रेसजवळ उभं केलं. कॉम्प्रेसर बंद केला, म्हणजे ऐकू आलं नाही असं कोणी म्हणायला नको. सांगितलं: शब्द मी मागून घेतला होता. फोनवर कसंही कर म्हणालो तो मी. टिक नाही हे मला ऐकू येत होतं. रोहिदास खरा होता आणि मी त्याला तुमच्यासमोर खोटा पाडला. तुझं नाव घेतलं नाही. ते तुझं तू घे. एक पोरगी हळूच म्हणाली, "आमाला वाटायचं, शेठला ऐकू येतंय म्हंजी आपण सुखरूप." अगं, अजूनही ती ओळ कानात आहे. दुसरं काही ऐकू आलं नाही तर बरं, अशी गत झाली आहे.

साहेबांना तुझं पत्र आणि माझा जबाब दोन्ही दिले. रोहिदासचं नाव मोकळं झालं. बुशचं काम कंपनीने काढून घेतलं. घेऊ दे. रोहिदास सोमवारी आला. किल्ली त्याच्या हातात द्यायला गेलो, तर म्हणाला, "टेबलावर ठेवा, मी उचलतो." ठेवली.

तुला रागावण्यासारखं माझ्याजवळ काही उरलेलं नाही. तुला नाही म्हणता येत नाही हे माहीत असूनच मी हट्ट धरला होता.

मामा


रावेत,
२० सप्टेंबर २०२५

ती. मामा,
सा. नमस्कार.

नवीन कार्ड भैरूबरोबर दिलं आहे. यात 'पूजा'ची नोंद नाही. पण माझ्या 'नाही'वर आता कोणी का विसंबावं? म्हणून पडद्याची वायर थेट व्हॉल्व्हच्या वाटेत घातली आहे. पडदा अडला की व्हॉल्व्हला वीजच मिळणार नाही. मग सी मध्ये मी काही लिहो, स्क्रिप्टमध्ये कोणी काही लिहो. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. वायरमनला म्हणावं, माझं न ऐकता स्वतः आडवी काठी घालून बघ.

शब्दही सगळे तपासले. प्रत्येकामागचं फंक्शन आता स्वतःच पडदा विचारतं. आधी कोणीतरी विचारलं असेल, असं कोणीच धरून चालत नाही.

तुम्ही लिहिलंत, नाव तुझं तू घे. खंडेनवमीला येऊ का? सुभद्राबाई कामावर येऊ लागल्यात असं भैरू म्हणाला. मला त्यांना एवढंच सांगायचंय की मी दवाखान्यातली नव्हते.

तनुजा


कुरुळी,
३ ऑक्टोबर २०२५

चि. तनुजा हिस,
आशीर्वाद.

परवा तू आलीस आणि प्रसाद न घेता गेलीस. मामी तुझा पेढा हातात घेऊन गेटपर्यंत धावली, तोवर रिक्षा वळली होती. म्हणून तू गेल्यावर जे झालं ते कळवतो.

तू सगळ्यांदेखत सुभद्राबाईसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "तो शब्द मी केला होता. काढला असं खोटं लिहिलं मी." एवढं नीट म्हणालीस. पुढे 'दवाखान्यात' म्हणालीस आणि तिथेच थांबलीस. ती तुझ्याकडे नुसती बघत राहिली, बरं नाही, वाईट नाही, आणि तुला वाटलं ती माफ करत नाही. तू निघालीस. मीही तुझ्या जागी निघालो असतो.

मग हाराची वेळ झाली. रोहिदासने हार आणून माझ्या हातात दिला. मी तो सुभद्राबाईपुढे धरला. तिला आता प्रेसवर बसवत नाही, तपासणीच्या टेबलावर असते. तिने डाव्या हाताने घेतला. कुठे घालू असं विचारलं नाही. थेट पडद्याच्या तोंडावर घातला. दिवा लाल झाला. रोहिदासने सवयीने बटणाकडे हात नेला, तर ती म्हणाली, "राहू दे की रं. खंडेनवमीला हत्यार हलवत न्हाईत, म्हणलं व्हतं मी शेठला. शेठ म्हणलं, हत्यार न्हाई ते."

मी तिथे उभा होतो. मान वर झाली नाही.

दिवसभर प्रेस तसंच राहिलं, हार घालून, लाल दिवा लावून. यंदा साहेब आले नव्हते. उपास आहे म्हणायला कोणी नव्हतं.

पाळी सुटल्यावर ती केबिनच्या दारात आली. म्हणाली, "शेठ, ती तुमची भाची. मला तवाच उमगलं व्हतं."

म्हटलं, "कसं?"

"आंबाडा बांधताना रडत व्हती. माझ्या मानंवर पाणी पडलं. दवाखान्यातली माणसं रडत न्हाईत."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"ती बोलंल म्हणून वाट बघितली."

मी कान टवकारून बसलो होतो, पुढे काय येतंय म्हणून. शिव्या आल्या असत्या तर ओंजळीत घेतल्या असत्या. तिने पदराखालून उजवा हात काढला, केसांकडे नेला, परत खाली घेतला. केस एका बाजूला घसरले होते. म्हणाली, "येका हातानं बसत न्हाई अजून. सून सकाळच्या पाळीला जाती. तुमच्या भाचीला निरोप द्या. रडायचं आसंल तर नको येऊ म्हणावं. आंबाडा बांधायला ये."

भैरू बुधवारी रावेतला येतोय. परतताना टेम्पोत जागा आहे.

मामा